कम्प्लायन्स ट्रेनिंग कामगारांच्या अंगवळणी कसं पडेल?

प्रश्न असा आहे. चाकण परिसरात गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, साडेतीनशे माणसं, त्यातली निम्म्याहून जास्त ठेकेदाराची. एचआरमधल्या एका ताई लिहितात की सेफ्टी, पॉश (कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) आणि आचारसंहिता ही तिन्ही कम्प्लायन्सची, म्हणजे नियम पाळण्याची, ट्रेनिंगं दरवर्षी वेळेवर होतात, हजेरीपट पूर्ण असतो, शेवटच्या परीक्षेत सगळे पास होतात. पण मोठ्या ग्राहक कंपनीचा ऑडिटर आला, त्याने असेंब्ली लाइनवरच्या एका मुलीला विचारलं, "तुला कुणी त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करशील?" आणि ती खाली मान घालून गप्प उभी राहिली. ट्रेनिंगला तिची सही होती. मग आमचं चुकतंय कुठे, असं ताई विचारतात.

ताई, मी बावीस वर्षं कारखान्यांत ट्रेनिंग घेते आहे आणि काही कंपन्यांच्या, पॉशच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य म्हणून बसते. मला वाटतं, तुमचं ट्रेनिंग विषयांवर बेतलेलं आहे, ते प्रसंगांवर बेतायला हवं. 'पॉश कायदा' हा विषय झाला. 'सेकंड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये शेजारचा माणूस मुद्दाम खेटून बसतोय' हा प्रसंग झाला. कामावरच्या माणसासमोर कायद्याचं कलम येऊन उभं राहत नाही, असा प्रसंग येतो, आणि विचार करायला दोन-तीन सेकंदं मिळतात. तेवढ्यात काय करायचं, हे आधी कधीतरी हातांनी किंवा तोंडाने करून झालेलं असलं तरच जमतं.

हे मला एका टाकीपाशी कळलं. रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कंपनीत मी तेव्हा नोकरीला होते. टाकीसारख्या बंदिस्त जागेत उतरण्याचं ट्रेनिंग आम्ही वर्षातून दोनदा घ्यायचो. हवेतला ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास थोड्या प्रमाणात असताना येतो, प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. आत कुणी पडलं तर त्याच्या मागे उतरायचं नाही. सगळं सगळ्यांना पाठ होतं.

एके दिवशी आमच्या सेफ्टी ऑफिसरांनी न सांगता ड्रिल लावलं. एका रिकाम्या, धुऊन हवा तपासलेल्या टाकीच्या तळाशी जुन्या बॉयलर सूटमध्ये वाळू भरून केलेला माणूस ठेवला. सकाळी साडेदहाला एकाने ठरल्याप्रमाणे आरडाओरडा केला, "आत पडला रे!" मी वीसेक फुटांवर उभी होते. पहिला ऑपरेटर पळत आला, मॅनहोलमधून खाली वाकून बघितलं, आणि पुढच्या क्षणी त्याचा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता. कुणाला हाक नाही, काही नाही. त्याच्या मागे दुसरा हेल्मेट काढत होता, कारण मॅनहोल अरुंद होतं. सेफ्टी ऑफिसरांनी दोघांना दंडाला धरून मागे ओढलं.

त्या पहिल्या माणसाला परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क होते. नंतर चहाच्या वेळी तो मला म्हणाला, "मॅडम, माहीत होतं ओ सगळं. पण आत माणूस दिसला ना." टाक्यांमधल्या अपघातांत, गटाराच्या आणि सेप्टिक टँकच्याही, एकामागून एक माणसं जातात ती अशीच. पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला वाचवायला तिसरा. त्यांना नियम ठाऊक नसतो म्हणून नव्हे. माणूस पडलेला दिसला की अंग धावतंच, आणि ते धावणं चांगलंच आहे. त्या धावणाऱ्या अंगाला शिडीऐवजी दुसरीकडे जायची सवय लावणं हे ट्रेनिंगचं काम होतं, आणि आम्ही ते केलं नव्हतं.

पुढचं ट्रेनिंग आम्ही टाकीपाशीच घेतलं, एकही स्लाइड न दाखवता. प्रत्येकाने पळत यायचं, खाली बघायचं, 'टाकी चारमध्ये माणूस पडला' असं पोटातून ओरडायचं, अलार्म दाबायचा आणि टाकीच्या तोंडावरच्या ट्रायपॉडच्या, म्हणजे तिपाईच्या, दोराकडे जायचं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्ये बंदिस्त जागेत उतरणाऱ्याच्या पट्ट्याला दोर आणि त्या दोराचं मोकळं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात, असं लिहिलं होतं. ते का लिहिलं होतं हे पोरांना त्या दिवशी दोर हातात घेतल्यावर कळलं. बाहेरून ओढता आलं तर आत उतरायची गरजच पडत नाही. पहिल्या दोन वेळा लोक लाजत ओरडत होते. पाचव्या-सहाव्या वेळेला पाय न सांगता अलार्मकडे वळायला लागले.

तुमच्या कंपनीत टाकी नसेल, पण प्रेस शॉप, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणारा विभाग, असेल. तिथे जाऊन उभ्या राहा. वही घेऊ नका, फोन घेऊ नका, दोन तास नुसत्या उभ्या राहा आणि शक्यतो शिफ्ट संपायच्या आधीचे दोन तास निवडा, जेव्हा टार्गेट अपुरं असतं. वर्गात विचारलं की 'जॉब (मशीनमध्ये घडणारा भाग) अडकला तर काय करता', सगळे म्हणतात, 'मशीन बंद करतो, मेंटेनन्सला बोलावतो'. मी एका प्रेस शॉपमध्ये अशी उभी होते तेव्हा एका मुलाने अडकलेला जॉब बोटांनीच बाहेर काढला. एकदा नाही, तासाभरात तीनदा. हात मशीनबाहेर राहावेत म्हणून दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं होतं.

मी त्याला रागावले नाही, विचारलं. तो म्हणाला, जॉब काढायचा मॅग्नेट गेल्या महिन्यात तुटला, नवा मागितला आहे. मेंटेनन्सला बोलावलं तर माणूस अर्ध्या तासाने येतो. मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून लावायचं कुलूप सुपरवायझरच्या कपाटात असतं आणि कपाटाची चावी जनरल शिफ्टवाल्याकडे. तेवढ्यात पन्नास जॉब मागे पडतात आणि बोलणी त्याला बसतात. आता मला सांगा, या मुलाला अजून एक तासाचं ट्रेनिंग देऊन काय होणार? त्याला नियम माहीत होता. नियम पाळायची सोयच नव्हती.

म्हणून कुठलंही ट्रेनिंग आखायच्या आधी स्वतःला विचारा की हे काम न होण्याचं कारण माहिती नसणं आहे, सराव नसणं आहे, की सोय नसणं. तिसरं कारण असेल तर ट्रेनिंगचा दिवस रद्द करा आणि त्या पैशांत मॅग्नेट आणा, कुलूप मशीनपाशी टांगा. माझा अनुभव असा की ज्याला आपण 'कामगारांमध्ये अवेअरनेस नाही' म्हणतो त्यातलं बरंचसं या तिसऱ्या कारणात मोडतं. आणि ज्या दिवशी तुम्ही तक्रार ऐकून मॅग्नेट आणून देता, त्यानंतर तुमचं ट्रेनिंग लोक वेगळ्या कानांनी ऐकतात. हे मी बघितलेलं आहे.

आता पॉश. तुमची ती मुलगी गप्प का राहिली, याचा अंदाज मला आहे. २०१३ च्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की समिती नेमल्याचा आदेश आणि शिक्षेची माहिती ठळक जागी लावावी आणि ठरावीक काळाने कार्यशाळा घ्याव्यात. बहुतेक कंपन्यांत तो बोर्ड एचआरच्या केबिनबाहेर असतो, जिथे ठेकेदाराची बाई वर्षानुवर्षं पाऊल टाकत नाही. कार्यशाळेत व्याख्या असतात, सर्वोच्च न्यायालयाचा १९९७ चा विशाखा निकाल असतो, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण करायची हे असतं. हे सगळं समितीच्या सदस्यांना चोख माहीत हवंच. पण लाइनवरच्या मुलीला पहिल्यांदा हवं असतं ते एक नाव, एक चेहरा आणि 'माझं काम जाईल का' या प्रश्नाचं उत्तर.

एका कंपनीत कार्यशाळा झाल्यावर मी बेसिनपाशी हात धूत होते. शेजारी एक बाई नळ उघडाच ठेवून उभी राहिली आणि आवाज खाली करून म्हणाली, "मॅडम, बसमध्ये झालं तर ते कंपनीत धरतात का?" मी अर्ध्या तासापूर्वी पडद्यावर 'कामाच्या ठिकाणाची व्याख्या' दाखवली होती. कंपनीने दिलेलं वाहन त्यात येतं, हे वाक्य तिथे लिहिलेलं होतं, मी वाचूनही दाखवलं होतं. तिच्यापर्यंत ते पोचलंच नाही. पुढे काय झालं ते मी इथे सांगणार नाही, कारण असल्या गोष्टी गुप्त ठेवणं कायद्यानेच आमच्यावर सोपवलं आहे. पण तेव्हापासून माझी कार्यशाळा बसपासून सुरू होते. मग कॅन्टीनची रांग, मग नाइट शिफ्टचं स्टोअर, मग व्हॉट्सॲपचा ग्रुप. प्रत्येक जागेला एकच प्रश्न: इथे झालं तर चालतं का तक्रार करायला? चालतं. ठेकेदाराची असलीस तरी? असलीस तरी. शिकाऊ असलीस तरी? तरीही. लिहिता येत नसेल तर? तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे, कायद्यात तसं आहे. किती दिवसांत? तीन महिन्यांत, आणि अडचण होती हे पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. हे बायकांनी एकमेकींना विचारायचं आणि एकमेकींनी सांगायचं. मी फक्त चुकलं तर दुरुस्त करते.

आणि समितीच्या सदस्यांनी त्या दिवशी व्यासपीठावर बसायचं नाही. त्यांनी लाइनवर फिरायचं, प्रत्येकीशी दोन शब्द बोलायचे, कुठल्या गावची, मुलं किती. नाव आणि नंबर बाईंच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे एकटीने, कुणी बघत नसताना, नंबर फोनमध्ये घेता येतो.

पुरुषांची बॅच वेगळी घेत असाल तर त्यांना गुन्ह्यांची यादी वाचून दाखवू नका. यादी ऐकताना माणूस अंग चोरतो, त्याला वाटतं आपल्यावरच संशय आहे. फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा केलेव या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या आठशेहून अधिक कंपन्यांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासून २०१९ मध्ये मांडलं की सगळ्या कर्मचाऱ्यांना 'हे करू नका' सांगणाऱ्या ट्रेनिंगनंतर मॅनेजरपदावरच्या स्त्रियांचं प्रमाण वाढलं नाही, उलट काही ठिकाणी घटलं, आणि मॅनेजरांना 'तुम्ही मध्ये कसे पडाल' हे शिकवणाऱ्या ट्रेनिंगनंतर ते वाढलं. आपल्याकडची परिस्थिती वेगळी आहे, पण लाइनवर मला जे दिसतं ते याला धरूनच आहे. माणसाला साक्षीदार म्हणून, मोठा भाऊ म्हणून बोलावलं तर तो पुढे येतो. त्याला एक वाक्य द्या. "ताई, तुम्हाला सुपरवायझर बोलावतायत" म्हणत त्या बाईला तिथून बाजूला नेणं. किंवा त्या माणसाला सरळ, "बस झालं आता." हे वाक्य वर्गात प्रत्येकाने उभं राहून मोठ्याने म्हणायचं. पहिल्यांदा हशा होतो. होऊ द्या. ज्याच्या तोंडून ते एकदा निघालं आहे त्याच्याच तोंडून ते पुन्हा निघतं.

इथे सुपरवायझरबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण कंपन्या नेमकं त्याच्यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात. कामगारासाठी कंपनी म्हणजे सुपरवायझर. सकाळी ट्रेनिंगमध्ये मी सांगितलं 'शंका आली तर मशीन बंद करा' आणि दुपारी सुपरवायझर म्हणाला 'आधी लॉट काढ, मग बघू', तर कामगार दुपारचंच धरतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून त्यांची बॅच आधी घ्या, लहान घ्या, आठ-दहा जणांची, आणि प्लँट हेडना त्यात पूर्ण वेळ बसवा. उद्घाटन करून निघून जाणारे प्लँट हेड नकोत. त्या बॅचमध्ये मी सुपरवायझरांकडून एकाच गोष्टीचा सराव करून घेते. कुणीतरी वाईट बातमी घेऊन येतं तेव्हाचं तुमचं पहिलं वाक्य. बाई सांगायला आली तर तोंडातून सहज निघतं, "जाऊ दे गं, त्याचा स्वभावच तसा आहे." मुलगा मशीनचा गार्ड (संरक्षक झाकण) तुटल्याचं सांगायला आला तर, "आत्ताच दिसलं का तुला?" त्याऐवजी, "सांगितलंस ते बरं केलंस." पुढे बाईच्या बाबतीत, "समितीच्या मॅडमना फोन लावू का? तू म्हणशील तेव्हा." आणि मग गप्प बसायचं, स्वतः चौकशी करायला जायचं नाही, त्या माणसाला बोलावून मिटवायचं तर मुळीच नाही. दोघांच्या जोड्या करून हे दहा वेळा करून घ्या. मोठी मोठी माणसं या सरावात अडखळतात, कारण समजूत काढणं म्हणजेच मदत असं आपल्याला घरापासून शिकवलेलं असतं.

भाषेबद्दल. तुमच्या निम्म्या पोरांची घरची भाषा मराठी नसेल. भोजपुरी असेल, उडिया असेल. पण मी म्हणते, मराठी पोरांना तरी आपलं मराठी कळतं का? 'सक्षम प्राधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय बंदिस्त जागेत प्रवेश निषिद्ध' हा फलक मी कित्येक कारखान्यांत पाहिला आहे. त्याच्याऐवजी लिहा: 'सेफ्टीवाल्यांनी हवा तपासून परमिटवर सही केल्याशिवाय टाकीत उतरू नका. आत कुणी पडलं तरी उतरू नका. ओरडा, अलार्म दाबा.' हिंदीतही तसंच, बोलतात तसं. आणि लाइनवरचाच एखादा जाणता उडिया मुलगा शोधून त्याच्याकडून त्याच्या लोकांना सांगून घ्या. तो जे उदाहरण देईल ते तुम्हाला सुचणार नाही.

वेळ नाइट शिफ्टनंतरची नको. डोळे मिटत असलेल्या माणसासमोर बोलणं हा त्याच्यावर अन्याय आहे. ट्रेनिंग कामाच्या वेळेत घ्या, त्याचा पगार द्या, ठेकेदाराच्या माणसालाही. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात जी दुरुस्ती झाली तिने सुरक्षेचं ट्रेनिंग मिळणं हा कामगाराचा हक्क मानला. मी पहिल्या मिनिटाला हे सांगते. मग बसण्याची ढबच बदलते.

वर्षातून एकदा तीन तास, यापेक्षा दर सोमवारी शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं बरी, आणि त्या पाच मिनिटांत सांगू नका, विचारा. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. तुमची ट्रेनिंगनंतर लगेच घेतलेली परीक्षा त्या पहिल्या पाच मिनिटांची आहे, म्हणून सगळे पास होतात. तीच परीक्षा महिन्याने गेटवर, तोंडी, दोन प्रश्नांची घ्या.

आचारसंहितेचं ऑफिसमधल्या लोकांना द्यायचं ट्रेनिंगही प्रसंगाला धरून आणि प्रसंगाच्या जवळ घ्या. परचेसच्या टीमला भेटवस्तूंचा नियम एप्रिलमध्ये शिकवून काय उपयोग? दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वीस मिनिटं बसवा आणि विचारा, व्हेंडरचा माणूस घरी काजूकतलीचा डबा देऊन गेला, खाली पाकीट निघालं, तुम्ही त्याला फोनवर काय बोलाल? तो फोन वर्गात करून बघा. परत करताना संबंध न बिघडवता कसं बोलायचं, हीच त्यांची खरी अडचण असते. संगणकावर क्लिक करत जायचे कोर्स मात्र कमी करा. ज्याला येतं त्याला आधीच परीक्षा देऊन सुटू द्या.

शेवटी मोजमाप. पॉशच्या वार्षिक अहवालात किती कार्यशाळा घेतल्या याचा आकडा द्यावा लागतो, तो द्याच. २०२३ मध्ये गोव्याहून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने या कायद्याच्या ढिसाळ अंमलबजावणीवर कडक शब्दांत बोट ठेवलं आणि समित्या नीट आहेत का ते तपासायला सांगितलं, तेव्हा कागद चोख हवेत. पण तुमच्या स्वतःच्या वहीत दुसरे आकडे ठेवा. थोडक्यात हुकलेल्या अपघातांच्या किती नोंदी आल्या. गेटवर महिन्याने विचारल्यावर किती जणांनी समितीतल्या एकीचं तरी नाव सांगितलं. सांगितलेली गोष्ट दुरुस्त व्हायला किती दिवस लागले. यातला पहिला आकडा चांगल्या ट्रेनिंगनंतर वाढतो, आणि पॉशच्या तक्रारीही वाढू शकतात. ट्रेनिंग सुरू करायच्या आधीच मॅनेजमेंटला हे समजावून त्यांची तयारी करून घ्या, नाहीतर तिसऱ्या महिन्यात 'हे काय चाललंय' म्हणून सगळं बंद पडतं. माझ्या डोळ्यांसमोर दोनदा बंद पडलं आहे.

त्या मुलीला ऑडिटनंतर कुणी बोललं असेल तर ते आधी थांबवा. मग तिच्याबरोबर कॅन्टीनमध्ये चहा घ्या, समितीच्या मॅडमना तिथेच बोलावून ओळख करून द्या. ती कुठल्या बसने येते, शेवटच्या स्टॉपला बसमध्ये किती बायका उरतात, दिवे चालू असतात का, हे विचारा. पहिल्या ट्रेनिंगसाठी प्रसंग तिथेच मिळेल.